पाहुणे चालतील

कप खाली ठेवा आधी. ऐकताना ठसका लागला तर मला बोलायचं नाही.

एरवी मी दुसऱ्यांचे गाढवपणे सांगते, हे तुम्हाला माहीतच आहे. माझं पोटच त्यावर चालतं. इन्शुरन्स कंपनीत क्लेम बघते ना मी! लोक रडतरडत अर्ज करतात आणि मी त्यांना कलम दाखवते. "साहेब, पान सात, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, वाचलं नाहीत का?" वाचलेलं नसतंच. सह्या मात्र काय झोकात केलेल्या असतात! असल्या माणसांची मला भयंकर चीड येते. मी वाचते. स्वल्पविरामासकट वाचते. आणि त्या वाचनानेच माझी वाट लावली, आता बोला.

तर मी नाहूरला भाड्याने राहत होते. स्टेशनपासून चालत सात मिनिटं, दुसरा मजला, वन बीएचके, गॅलरीत उभं राहिलं की समोरच्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलचं दर्शन. त्यात काय एवढं, असं म्हणाल. चौतीस वर्षांच्या एकट्या बाईने मुंबईत घर शोधून बघा एकदा! नवरा कुठाय? नाही? का नाही? मग होणारे का? नॉनव्हेज खाता का? मित्र येतात का? मैत्रिणी येतात का? त्या किती वाजता जातात? मी अकरा घरं बघितली आणि अकरा मालकांनी माझी उलटतपासणी घेतली. बारावे शिरोडकरकाका. त्यांनी एवढंच विचारलं, "भिंतीला खिळे मारणार का?" मी म्हटलं, नाही. घर मिळालं.

शिरोडकरकाका म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, राहायला कांदिवलीला. महिन्यातून एकदा "इकडे आलोच होतो, म्हटलं बघून जावं" असं म्हणत हजर. अहो, कांदिवलीचा माणूस सहज म्हणून नाहूरला येतो? येऊन चहा घ्यायचे, पण डोळे सगळे भिंतीवर. मग मान डोलवायची. "एकही खिळा नाही. शाब्बास." मी तोंडावर हसायचे आणि मनात म्हणायचे, ह्या माणसाला खिळ्यापलीकडे काही आयुष्य आहे की नाही?

समोरच्या दारात परबकाकू. मूळच्या कणकवलीच्या, सासरे गिरणीत होते, आता मुलगा बँकेत. बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी कुठली भाजी शिजते, कुणाचं पार्सल परत गेलं, कुणाची सून माहेरी जाऊन किती दिवस झाले, सगळी खबर त्यांच्याकडे. माझ्याबाबतीत मात्र त्यांना एकच चिंता. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "काय गो, खय जमता काय?" मी "नाही काकू" म्हटलं की लिफ्ट थांबेपर्यंत उसासे सोडायच्या. माझ्या लग्नाची काळजी माझ्या जालन्याच्या आईनेसुद्धा सोडली होती, पण नाहूरमध्ये ती जोरात चालू होती.

आता मुद्द्यावर येते. आमच्या ऑफिसातली श्वेता पवईला राहते. ती आपली एक खोली कुठल्याशा अ‍ॅपवर दोन-दोन दिवसांसाठी पर्यटकांना देते. "अगं, काहीच करायचं नसतं! चादर बदलायची आणि हसायचं," असं मला रोज डब्याच्या वेळी ऐकवायची. तिला जमतं आणि मला जमणार नाही? श्वेताला? जिला स्वतःच्या पॉलिसीचा नंबर पाठ नाही?

घरी येऊन मी अ‍ॅग्रीमेंट काढलं. कलम नऊ. 'सदर जागेत पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट अथवा अन्य त्रयस्थ व्यक्ती ठेवता येणार नाही.' झालं, साफ मनाई. दुसरं कुणी असतं तर इथेच थांबलं असतं. पण मी पुढे वाचलं. 'मात्र परवानाधारकाचे पाहुणे अल्पकाळ राहू शकतील.' परवानाधारक म्हणजे भाडेकरू, म्हणजे मी.

पाहुणे! आणि अ‍ॅपवाले येणाऱ्या लोकांना काय म्हणतात? गेस्ट! गेस्ट म्हणजे काय? पाहुणे! अल्पकाळ राहतात का? दोन दिवस! मी गादीवर उडी मारली हो. काय ते डोकं माझं! कलम लिहिणाऱ्या वकिलाची मला इतकी कीव आली की काय सांगू.

पहिलंच बुकिंग जळगावच्या भोळे कुटुंबाचं आलं. आई, वडील आणि मुलगा. शनिवार-रविवार. मी पवईला श्वेताकडे राहणार, ते माझ्या घरात राहणार. झकास! शुक्रवारी जाऊन मी वॉचमनला व्यवस्थित सांगितलं, "उद्या माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. जळगावचे. आई-वडील आणि मुलगा. त्यांना वर सोड."

हसलात ना? तुम्हाला लगेच कळलं. मला नाही कळलं! चौतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीकडे पाहुणे येणार, आई-वडील आणि मुलगा! अहो, याचा अर्थ आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वॉचमनने तो पाच मिनिटांत परबकाकूंना सांगितला.

शनिवारी सकाळी मी भोळ्यांच्या हातात किल्ली दिली, गीझरचं बटण दाखवलं आणि पवईला पळाले. श्वेताकडे जेमतेम चहा घेतेय, तोच परबकाकूंचा फोन.

"गो वैशाली, खय आसस तू?"

"काकू, मी जरा बाहेर..."

"भायेर? पावणे इले आणि तू भायेर? अक्कल आसा काय गो तुका?"

म्हटलं संपलं, बाईला कळलं. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "काकू, ते फक्त पाहुणे आहेत हो. पाहुणे चालतात. लिहिलंय तसं."

"माका सगळा म्हाईत आसा. मी जाऊन इचारलंय त्यांका, मुलगी बघूक इलास काय? ते म्हणाले, होय!"

आता इथे मला भोवळ यायची बाकी राहिली. हो म्हणाले? का हो म्हणाले? तर खरी गोष्ट अशी होती की भोळे कुटुंब खरोखरच मुलगी बघायला मुंबईला आलं होतं. मुलुंडची कुणीतरी मुलगी, संध्याकाळी सहाची वेळ ठरलेली. परबकाकूंनी विचारल्यावर भोळेकाका बिचारे भारावून गेले. "तुम्हाला कसं कळलं?" काकू म्हणाल्या, "सगळ्या बिल्डिंगीक म्हाईत आसा." त्यांना वाटलं, काय हे मुंबईचे लोक, किती आपुलकी!

"आणि आयक," काकू पुढे म्हणाल्या, "तुझी आवस जालन्याक. मुलीच्या बाजून कोण मोठा माणूस नको? मी शिरोडकरांका फोन केलंय. ते रिक्षात बसले. तू ये बघू बेगीन."

घरमालक! माझ्या चोरून दिलेल्या घरात, माझ्या बुकिंगवाल्यांसमोर, माझ्या आई-वडिलांची बाजू घेऊन बसायला घरमालक निघाला होता!

मी पवईहून नाहूरला कशी आले ते विचारू नका. वाटेत एकच हिशेब डोक्यात. खरं सांगितलं तर कलम नऊ, घर गेलं. पुन्हा अकरा मालक, पुन्हा ते 'मैत्रिणी किती वाजता जातात'. खोटं चालवलं तर तासभराचं नाटक. तुम्ही काय केलं असतं? मी परबकाकूंच्या घरी जाऊन त्यांची मोरपंखी साडी नेसले.

पिना लावता लावता काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्यातलेच काय गो?" ह्या प्रश्नाला त्यांचा आवाज नेहमी असाच खाली येतो, एरवी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. मी म्हटलं, "काकू, माणसातले आहेत." त्यांनी पिन जरा जोरातच टोचली.

मग पोह्यांचा ट्रे. माझ्या घराची बेल मी वाजवली, माझ्याच घराचं दार भोळ्यांच्या मुलाने, हर्षलने, उघडलं. आत शिरोडकरकाका कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. शेजारी पेढ्यांचा पुडा. त्यांना मी तीन वर्षांत इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं.

भोळेकाकांनी मला साडीत बघितलं, ट्रेकडे बघितलं आणि मुलाला हळूच विचारलं, "नाश्ता धरून होता का रे? लिहिलं नव्हतं तसं."

भोळेकाकू मात्र हुशार बाई. त्यांची नजर साडीवरून पेढ्यांवर गेली, पेढ्यांवरून माझ्या घामावर आली. "चल गं, मी पाणी देते," म्हणून मला आत नेलं आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझा दंड धरून विचारलं, "काय प्रकार आहे?"

मी सगळं सांगितलं. हात जोडले. "काकू, मालकांना बुकिंगचं कळलं तर मला घराबाहेर काढतील. अर्धा तास फक्त गप्प बसा."

"मी बसेन गं," त्या म्हणाल्या. "पण आमच्या ह्यांना नको सांगायला. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

म्हणजे बाहेर बसलेल्यांपैकी एकाला वाटत होतं की स्थळ आलंय आणि दुसऱ्याला वाटत होतं की आपण हॉटेलात आहोत. दोघांचं बोलणं मात्र सुरू!

"मी ह्या घराचा मालक," शिरोडकरकाका म्हणाले. "पण आज आलोय ते वैशालीसाठी. फार टापटीप मुलगी. तीन वर्षांत एक खिळा मारला नाही भिंतीला!"

भोळेकाकांनी चारी भिंती बघितल्या. "हो, स्वच्छ ठेवलंय. फोटोत होतं तसंच आहे."

"फोटोतल्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त चांगली आहे!" शिरोडकरकाका एकदम म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

"स्वयंपाकही करते उत्तम," त्यांनीच पुढे जोडलं.

"नको नको, तो त्रास नको. आम्ही बाहेरच जेवणार."

शिरोडकरकाकांचा चेहरा जरा पडला. मी घाईघाईने पेढे फिरवले. दारात परबकाकू, त्यांच्यामागे पहिल्या मजल्यावरच्या दोघीजणी, जिन्यात आणखी कोण कोण. ह्या बायकांना शनिवारी काही कामं नसतात का? सोसायटीच्या मीटिंगला चार टाळकी जमत नाहीत, माझ्या कांदेपोह्यांना कोरम पूर्ण!

"दोघांना बोलू द्या जरा," जिन्यातून कुणीतरी ओरडलं. झालं, मला आणि हर्षलला गॅलरीत ढकललं. तो बिचारा घाबरून माझ्याकडे बघत उभा. मग हळूच म्हणाला, "मॅडम, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

मी सांगितला. त्याने मोबाइलमध्ये टाइप केला. समोरच्या बिल्डिंगच्या टॉवेलांमागून आवाज आला, "नंबर घेतला, नंबर घेतला!"

निघताना तर कहर. भोळेकाका शिरोडकरकाकांना म्हणाले, "तुमचा नंबर देऊन ठेवा. पुढचं आपण डायरेक्टच बोलू. मध्ये कोणी कशाला? उगाच त्यांचं कमिशन."

दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. शिरोडकरकाकांना केवढा आनंद! जिन्यात मला म्हणाले, "व्यवहारी माणसं आहेत. मध्यस्थ नको म्हणतात. मला आवडलं."

ते कांदिवलीला गेले. भोळे मुलुंडला मुलगी बघायला गेले. मी परबकाकूंची साडी घडी घालून परत दिली आणि पुन्हा पवईला जाऊन श्वेताच्या सोफ्यावर पडले. तुम्हाला सांगते, मला स्वतःचा इतका अभिमान वाटला! अख्खी बिल्डिंग खिशात घातली. काय ती भोळी माणसं, काय ते खिळेवाले शिरोडकर! दोन दिवसांनी 'पत्रिका जुळली नाही' म्हणायचं की विषय मिटला.

सोमवारी दुपारी शिरोडकरकाकांचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"वैशाली, मी भोळ्यांना फोन केला होता."

"कशाला काका?"

"दोन दिवस झाले, त्यांचं काही उत्तर नाही. मुलीच्या बाजूने कुणीतरी विचारायला नको? तुझे वडील असते तर त्यांनी विचारलं असतं. मी म्हटलं, मी शिरोडकर, मालक. कशी वाटली?"

मी हातातली क्लेमची फाइल बंद केली.

"ते म्हणाले, आवडली हो. जरा जुनी आहे, पण टापटीप आहे."

"काका..."

"मला राग आला. मी म्हटलं, चौतीस म्हणजे काही जुनी नाही! ते म्हणाले, चौतीस वर्षं? वाटत नाही, मेंटेन चांगली केलीय. मी म्हटलं, मग पुढे काय ठरलं? ते म्हणाले, दोन दिवसांसाठी एकदम उत्तम आहे, कायमची घ्यायला आम्हाला परवडणार नाही."

मी डोळे मिटले. पुढचं मला ऐकायचं नव्हतं, पण काका थांबेनात.

"माझं डोकं फिरलं, वैशाली. मी असा कधी कुणावर ओरडलो नव्हतो. म्हटलं, लाज नाही वाटत? आमची मुलगी काय दोन दिवसांसाठी आहे? तर तो माणूस शांतपणे विचारतो, मग तुम्ही कमीत कमी किती दिवसांसाठी देता?"

त्यानंतर म्हणे भोळेकाकूंनी नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि सगळं खरं सांगितलं. माझी बाजूही मांडली बिचारीने. मुलीला घर सोडायला लावू नका म्हणाल्या. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता शहाण्या माणसाने इथे पाय धरले असते. मी काय केलं? मी कलम दाखवलं! सवय हो, दुसरं काय! म्हटलं, "काका, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय, पाहुणे चालतील."

वर पान नंबरही सांगितला.

"लिहिलंय ना," काका म्हणाले. "ते मीच वकिलाला घालायला लावलं होतं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, एकटी राहणार आहे पोरगी, तिच्या आईला अधूनमधून येऊन राहावंसं वाटेल."

खरंच सांगते, लाज वाटली. तीन वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली, तो माझ्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून कांदिवलीहून आला, माझ्यासाठी एका परक्या माणसाशी भांडला, आणि मी त्याला पान नंबर सांगत होते.

"महिनाभरात जागा रिकामी कर," ते म्हणाले. "दुसरीकडे चौकशी आली तर मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगेन. खिळ्यांबद्दल." आणि फोन ठेवला.

सध्या मी घरं बघतेय. परवा भांडुपला एकाने विचारलं, आधीचं घर का सोडलं? मी म्हटलं, पाहुणे आले होते. तो म्हणाला, अरे वा, मग जमलं का? मी म्हटलं, नाही हो, मोडलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि घर दिलं नाही.

आणि हो, भोळेकाकांनी अ‍ॅपवर रिव्ह्यू टाकला. तो मात्र मी स्वल्पविरामासकट पाठ केलाय. 'जागा जुनी, पण स्वच्छ. मालक थोडे तापट. पोहे चांगले होते. बाई आमच्यासाठी साडी नेसून आल्या, त्याची काही गरज नव्हती.'

पाचपैकी पाच तारे दिलेत. आता मी मुंबईतली एकमेव अशी बाई आहे जिला रेटिंग आहे आणि घर नाही.